जवारीचीच भाकर, तरी रिपोर्ट उतरत नाही: सिलिअ‍ॅक आणि गावातलं घर

यवतमाळची_माय | १९ ऑगस्ट, रात्री १०:४०

नमस्कार. बरेच दिवस इथं नुसती वाचते आहे, आज पहिल्यांदा लिहिते.

मुलगी सात वर्षांची आहे. मागच्या सप्टेंबरात तिला सिलिअ‍ॅक निघाला, म्हणजे गव्हानं आतड्याला इजा होते तो आजार. त्याआधी दोन वर्षं आम्ही रक्ताच्या मागे होतो. आमच्याकडे लेकराचं रक्त कमी म्हटलं की आधी सिकलसेलची तपासणी होते. ती झाली, त्यात काही निघालं नाही. मग जंताची गोळी, मग लोहाचं औषध. हिमोग्लोबिन सातच्या वर सरकत नव्हतं. पोट नगाऱ्यासारखं, हातपाय काड्या. शेवटी नागपूरला एका डॉक्टरांनी टीटीजीची, म्हणजे हा आजार ओळखायची, रक्ततपासणी करायला लावली, दुर्बिणीनं आतड्याचा तुकडा काढून तपासला आणि निदान झालं.

तेव्हापासून तिला गहू बंद आहे. पोळी नाही, बिस्कीट नाही, शेवया नाही, रवा नाही, टोस्ट नाही. जवारीची भाकर, भात, वरण, भाजी, उसळ, दूध, अंडी एवढंच. सहा महिन्यांत वजन अडीच किलो वाढलं, पोट उतरलं, खेळायला लागली. टीटीजी सुरुवातीला २०० च्या वर होता. फेब्रुवारीत ११० आला. परवा केला तर ९६. डॉक्टर म्हणाले, इतक्या दिवसांत याहून पुष्कळ खाली यायला हवा होता, कुठून तरी गहू पोटात जातो आहे, शोधा.

काय शोधू? दारव्ह्याच्या बाजूला आमचं शेतातलं घर. सासू-सासरे, दीर-जाऊ, एकच स्वयंपाकघर. बाकीच्यांच्या पोळ्या होतात, पण तिची भाकर मी आधी थापते, मग कणिक भिजवते. कुठं चुकतंय ते कोणी सांगेल का? पोळा तोंडावर आला आहे, तान्ह्या पोळ्याला लेकरं घरोघरी फिरतात, त्याचीही धास्ती आहे.

अकोल्याची_मावशी | १९ ऑगस्ट, रात्री ११:१५

ताई, आधी डोळे पुसा. सहा महिन्यांत लेकरू अडीच किलो भरलं म्हणजे तुम्ही बरंच बरोबर केलं आहे. माझा मुलगा चौथीत होता तेव्हा निघाला, आता इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही ज्या ज्या चुका केल्या त्यावरून विचारते:

जवारी दळता कुठं? फोडणीत हिंग घालता का, आणि कोणता? तवा एकच आहे का? पापड कोणाकडचे? आजी-आजोबा तिला हातावर काय देतात?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर "गावातल्या चक्कीवर" असेल तर बहुधा तिथंच सापडेल.

यवतमाळची_माय | २० ऑगस्ट, सकाळी ६:२०

चक्कीवरच दळते मावशी. गावात एकच आहे. मी त्याला सांगून ठेवलं आहे की गव्हावर माझं दळण टाकू नको, हरभऱ्यावर किंवा जवारीवर टाक. तो टाकतो तसं. हिंग पिवळ्या डबीतला. तवा एकच, घासून घेते. पापड जाऊबाईंच्या माहेरचे, उडदाचे.

अकोल्याची_मावशी | २० ऑगस्ट, दुपारी १:०५

मग ऐका.

हरभऱ्यावर दळलं तरी हरभऱ्याच्या आधी गहूच होता. आमच्याकडे शंभरात नव्वद दळणं गव्हाची. पहिली दोन वर्षं मीही हेच करत होते.

हिंग. दुकानात मिळतो तो बांधणीचा हिंग. खरा हिंग म्हणजे मुळातून काढलेला चीक, अफगाणिस्तान-इराणकडून येतो आणि इतका उग्र असतो की तसाच वापरता येत नाही. म्हणून त्यात डिंक आणि पीठ घालून कुटतात, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. डबी फिरवून मागची बारीक अक्षरं वाचा. तांदळाच्या पिठाचा हिंगही मिळतो, पण तसं छापलेलं असेल तरच घ्या. बाजारात पुडीत सुटा मिळतो तो नकोच. मी तर घरातून हिंगच काढून टाकला, लसूण-जिऱ्यावर भागतं.

हिंग म्हणजे फक्त फोडणी असं समजू नका. उडदाच्या पापडात हिंग, विकतच्या लोणच्यात हिंग, ताकाच्या मसाल्यात हिंग. पोट फुगलं म्हणून आपण लेकराला हिंग्वाष्टक देतो, पाचक गोळी देतो, त्यातही हिंग. माझ्या मुलाचं पोट गव्हानं फुगायचं आणि मी त्यावर हिंगाची गोळी द्यायची. सहा महिने असंच चाललं.

पापड लाटताना वरून कोणती पिठी लावतात तेही विचारा. बहुतेक बाया कणीकच लावतात.

आणि ती दुधात घालायची शक्तीची पावडर देत असाल तर आजच बंद करा. त्यात माल्ट असतं, ते जवापासून होतं, काहींत गहूही असतो. मक्याच्या पोह्यांच्या डब्यातसुद्धा चवीला माल्ट टाकतात.

प्रयोगशाळा_वर्धा | २० ऑगस्ट, रात्री ९:३०

मी प्रयोगशाळेत काम करतो, डॉक्टर नाही. पण आकडा कळला की चक्कीचं महत्त्व कळतं, म्हणून हिशेब मांडतो.

ग्लूटेन म्हणजे गव्हातलं प्रथिन, तेच आतड्याला बाधतं. एक ग्रॅम कणकेत ते साधारण ८० मिलिग्रॅम धरा. दिवसाला ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने दिलं तर सिलिअ‍ॅकच्या रुग्णांच्या आतड्याला इजा होते असं अभ्यासात दिसलं आहे. म्हणजे पाऊण ग्रॅमही कणीक लागत नाही, चिमूटभर पुरे. १० मिलिग्रॅमच्या आत राहिलं तर बहुतेकांना सोसतं. पाकिटावर "ग्लूटेनमुक्त" लिहायचं असेल तर आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मर्यादा किलोला २० मिलिग्रॅम आहे.

आता समजा चक्कीत आधीची ५० ग्रॅम कणीक उरली आणि ती ताईंच्या दोन किलो जवारीत आली. त्या ५० ग्रॅममध्ये ४ ग्रॅम ग्लूटेन. किलोला पडलं २,००० मिलिग्रॅम. मर्यादेच्या शंभर पट. लेकरू दिवसाला २०० ग्रॅम पिठाची भाकर खात असेल तर ४०० मिलिग्रॅम रोज पोटात. डोळ्यांना पीठ पांढरंशुभ्रच दिसणार.

दुसरं, ताई, तुम्हाला अजून मूलबाळ असेल तर त्याचीही टीटीजी करून घ्या, तुम्हा दोघांचीही. सख्ख्या नात्यात साधारण दहात एकाला निघतो, आणि पुष्कळांना काही त्रास जाणवत नसतो.

सेंद्रिय_बन्सी | २१ ऑगस्ट, सकाळी ८:१०

ताई, मी सेंद्रिय शेती करतो. हा सगळा त्रास संकरित गव्हाचा आहे. आपला जुना बन्सी गहू किंवा खपली देऊन पाहा. आमच्या आजोबांच्या काळात कोणाला असं होत नव्हतं.

अकोल्याची_मावशी | २१ ऑगस्ट, सकाळी ८:४०

दादा, तुमचा हेतू चांगला आहे हे कळतं. पण हे वाचून एखादी माय खरंच देऊन पाहील म्हणून स्पष्ट लिहिते: बन्सी चालत नाही, खपली चालत नाही, घरचा बिनखताचा गहूही चालत नाही. गव्हाच्या सगळ्या जातींत ग्लूटेन आहे. भाजला, शिजवला, आंबवला, चीक काढून कुरोड्या केल्या तरी चालत नाही.

आणि आजोबांच्या काळात रोजचं खाणं जवारीचं होतं, पोळी सणासुदीला. लेकरं तेव्हाही खंगून जायची, आजाराला नाव नव्हतं इतकंच. युरोपातसुद्धा गव्हाचा संबंध कळायला दुसरं महायुद्ध उजाडलं. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेना, आणि तिथल्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञांना दिसलं की ही खंगलेली पोरं पावाविना उलट सुधारताहेत. पाव परत आला तशी पुन्हा ढासळली. त्यांनी १९५० साली त्यावर प्रबंध लिहिला.

सेंद्रिय_बन्सी | २१ ऑगस्ट, दुपारी १२:००

बरं झालं सांगितलं मावशी. माझ्याकडून बन्सी नेणाऱ्यांत एक असं घर आहे, त्यांना आजच फोन करतो.

चक्कीवाला_वाशीम | २१ ऑगस्ट, रात्री ८:५०

ताई, मी वाशीम जिल्ह्यातला. चक्की माह्या बापानं टाकली, आता मी चालवतो. खरं सांगतो, राग मानू नोका.

चक्की कधीच रिकामी होत नाही. दोन दगडांच्या मधात पीठ रायते, दगडाच्या खाचांत रायते, लोखंडी पेटीच्या कोपऱ्यात रायते, ज्या कापडी नळीतून डब्यात पीठ पडते तिच्या आतून तर थरच बसलेला असते. गिऱ्हाईक मले म्हनते, भाऊ पाच किलो टाकले, पीठ कमी भरलं, घट काऊन आली? काही हवेत उडालं, बाकीची घट चक्कीतच आहे ना. अन् ते पुढच्याच्या डब्यात जाते. दगडाले छिन्नीनं टाकी लावली की तर अजूनच, खाचा नव्यानं खोल होतात, मंग दगड जास्त पीठ धरते.

मांगं एकदा पिवळ्या मक्याचं दळण झालं अन् त्याच्यावर एका म्हातारीची पांढरी जवारी टाकली. डबा पाहून म्हातारी म्हने, हे पीठ पिवळं काऊन? पाच किलो जवारी निघून गेली तरी शेवटच्या मुठीतही पिवळी झाक होती. मका पिवळा होता म्हनून दिसला. गहू दिसत नाही.

कोनी सांगन सकाळचं पयलं दळण घ्या. त्याच्यानं काही होत नाही, रात्रीचं शेवटचं दळण गव्हाचंच असते. कोनी सांगन दगड खोलून ब्रश मारून देतो. मी मारतो, पण पेटीतलं सारं निघालं असं मी माह्या लेकराची शपथ घेऊन सांगू शकत नाही. शिवाय चक्कीच्या खोलीत उभं रायलं तरी अंगावर पीठ बसते, तो डबा उघडाच असते.

तुमच्या लेकराले चक्कीचं पीठ देऊ नोका. घरी जातं असन तर काढा.

यवतमाळची_माय | २१ ऑगस्ट, रात्री ११:३०

भाऊ, तुम्ही स्वतः चक्कीचे मालक असून हे लिहिलंत, तुमचे उपकार मानते.

आज जेवणं झाल्यावर हा सगळा धागा मी घरात मोठ्यानं वाचून दाखवला. सगळे ऐकत होते. सासूबाई मध्येच उठून आत गेल्या. मला वाटलं झोप आली असेल. अर्ध्या तासानं मला हाक मारली. म्हणाल्या, "सातू चालत नाही का ओ?"

तर असं आहे. मी शेतात गेले की त्या तिला सातूचं पीठ गुळाच्या पाण्यात कालवून देत होत्या. उन्हाळाभर जवळजवळ रोज, आणि आताही आठवड्यातून दोनदा. त्यांच्या मनात सातू म्हणजे थंडावा, सातू म्हणजे काही पोळी नव्हे. आमच्याकडे त्यात भाजलेले गहू आणि हरभऱ्याची डाळ असते. "लेकरू भुकेलं राहू नये म्हणून दिलं," म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मी त्यांच्याजवळ बसून राहिले. चूक माझी आहे. मी "पोळी देऊ नका" इतकंच सांगितलं होतं, सातूत काय असतं ते बसून कधी सांगितलं नाही.

उद्या जातं काढते. गोठ्यात पडलं आहे.

अकोल्याची_मावशी | २२ ऑगस्ट, सकाळी ७:००

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. आमच्याकडे आजोबा बिस्कीट चहात बुडवून द्यायचे आणि म्हणायचे, भिजलं की काय उरतं त्यात.

सातूवरून आठवलं. सातू म्हणजे मुळात जव, आणि पिठात गहू घालतात, दोन्ही वर्ज्य. पण जव वेगळे आणि जवस वेगळं. माझ्या ओळखीच्या एका बाईनं मुलीचं जवस बंद केलं, चटणीसुद्धा, आणि थंड म्हणून जवाचं पाणी पाजत राहिली. जवस, तीळ, कऱ्हाळं, शेंगदाणे खुशाल द्या, घरी कुटलेले.

झाडीपट्टी | २२ ऑगस्ट, सकाळी १०:२०

मी गोंदियाकडचा, स्वतः रुग्ण आहे, ३४ व्या वर्षी निदान झालं. आमचा भाग धानाचा. घरात तिन्ही त्रिकाळ भात, त्यामुळे मला तुमच्यापेक्षा सोपं गेलं.

एक गोष्ट कोणी लिहिली नाही. दळायच्या आधीच जवारीत गहू असतो. रब्बीत एकाच हडंब्यातून (मळणीयंत्रातून) आज हरभरा, उद्या गहू, परवा जवारी निघते. आणि रेशनच्या गव्हाचं पोतं झटकून त्यातच जवारी भरून ठेवतात. दळायच्या आधी परातीत पसरून निवडा, मग धुऊन, कडक वाळवून घ्या.

आमच्याकडे तलावात शिंगाडा होतो. शिंगाड्याचं तयार पीठ सुटं घेऊ नका, त्यात मैद्याची भेसळ होते. सुके शिंगाडे आणून घरीच दळा. राजगिरा, भगर यांचंही तसंच, अख्खं घ्यायचं. बेसनही, हरभरा डाळ आणून घरीच.

मेळघाटचे_गुरुजी | २३ ऑगस्ट, सायंकाळी ६:४५

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. माझ्या वर्गात मागे एक असा मुलगा होता, त्याच्यामुळे मला शिकावं लागलं. शाळेतलं सांगतो.

पोषण आहाराची खिचडी तांदळाची असते, त्यामुळे पालक निर्धास्त राहतात. पण मसाला कोणता पडतो ते स्वयंपाकीणताईंना भेटून विचारा, त्यांना सांगितलं की त्या जपतात. पूरक आहारात कधी बिस्किटं येतात, त्या दिवशी तिच्या दप्तरात शेंगदाण्याची चिक्की किंवा राजगिऱ्याचा लाडू ठेवा. डबे वाटून खायची मुलांना सवय असते, ती तोडायला सांगू नका. तिच्या डब्यातलं इतरांना देऊ द्या, फक्त घ्यायचं नाही एवढं शिकवा.

सगळ्यात न सुचणारी गोष्ट म्हणजे खळ. कागदकामाला आम्ही शाळेत मैद्याची खळ शिजवतो. मुलं बोटानं लावतात आणि तीच बोटं तोंडात. त्या वर्षापासून मी साबुदाण्याची खळ करतो, चिकटतेही चांगली.

इकडे मेळघाटात कोदो-कुटकी पिकते, कुटकीचा भात लेकरांना आवडतो. कोणाला हवी असेल तर बाजारात मिळते. पण कुटकी सडून-पाखडून अख्खीच घ्या.

चिखली_ताई | २५ ऑगस्ट, रात्री ९:१०

धागा वाचून अंगावर काटा आला. माझ्या मुलाला अगदी हीच लक्षणं आहेत. वय पाच. टीटीजी जास्त आला आहे, पुढच्या महिन्यात दुर्बिणीची तपासणी आहे. आजपासूनच गहू बंद केला.

प्रयोगशाळा_वर्धा | २५ ऑगस्ट, रात्री ९:२५

ताई, बंद करू नका! तपासणी होईपर्यंत पोळी चालू ठेवा. गहू आधीच थांबवला तर आतडं सुधारू लागतं, तुकड्यात काही दिसत नाही आणि निदान अधांतरी राहतं. मग पुन्हा लेकराला आठवडेच्या आठवडे गहू खाऊ घालून तपासावं लागतं. जिथं तपासणी होणार आहे त्या डॉक्टरांना उद्याच फोन करून विचारा. निदान पक्कं झालं की मग या धाग्यातलं सगळं करा.

चिखली_ताई | २५ ऑगस्ट, रात्री ९:३२

बरं झालं इथं लिहिलं. सकाळी त्याला पोळीच देते.

यवतमाळची_माय | ९ सप्टेंबर, दुपारी ३:००

सावकाश लिहिते, पण सगळं लिहिते, कोणाच्या तरी कामी येईल.

जातं: आमच्याकडे जात्यावर तुरीची डाळ भरडतात, पण बैलांसाठी गव्हाचा भरडाही केला होता हे सासऱ्यांना आठवलं. मग दोन्ही तळ्या विहिरीवर नेऊन काथ्यानं घासून धुतल्या, तीन दिवस उन्हात ठेवल्या, पाथरवटाकडून टाकी लावून घेतली. आधी तांदूळ दळून ते पीठ कोंबड्यांना टाकलं, दोनदा. नंतर जवारी. मला वाटलं होतं रोज दळणं झेपणार नाही. पण चक्कीवर दळण सगळ्या घराचं असतं, जात्यावर फक्त तिचं. तिला आठवड्याला दीड किलो पीठ लागतं. सासूबाई पहाटे बसतात, मी समोर बसते, दोघींच्या हातात खुंटा, पाऊण तासात दोन-तीन दिवसांचं होतं.

निवडणं: झाडीपट्टी दादा, तुमचं ऐकून सुपात घेऊन बसले. एका पायलीत अकरा गहू निघाले. पिवळसर जवारीत गहू लपून जातो. दाणा लांबट असतो आणि मधोमध चीर असते, बोटाखाली सरकवला की कळतो. अकरा दाणे मी वाटीत ठेवले आणि घरात सगळ्यांना दाखवले.

तवा, काठवट, चाळणी, लाकडी उलथनं: तिचं वेगळं घेतलं. चाळणी तर मला सुचलीच नव्हती, तिच्या जाळीत कणीक अडकलेली असते. तिच्या सगळ्या भांड्यांना लाल सुतळी बांधली आहे. तिची फोडणीही आधी आणि वेगळ्या कढल्यात. कणीक मळणं आता मागच्या पडवीत, कारण पीठ उडतं आणि तिच्या भाकरीच्या काठवटीवर बसत होतं.

हिंगाच्या डबीवर गव्हाचं पीठ लिहिलेलं होतं, लहान अक्षरात. वर्षभर मी ती डबी रोज हातात घेत होते.

तान्हा पोळा: तिचा लाकडी बैल घेऊन सगळ्यांबरोबर गेली. आदल्या दिवशी मी ओळखीच्या नऊ घरी जाऊन आमच्याकडचे तीळ-गुळाचे लाडू देऊन आले, सांगून आले की बोजाऱ्यात (लेकरांना देतात त्या खाऊत) तिला हेच द्या. सगळ्यांनी दिले. एका घरी मात्र करंजी हातात ठेवली. ती न खाता घेऊन आली आणि भावाला दिली. पुरणपोळीच्या दिवशी पुरण वाटीत, वरून तूप. "पोळी नको, तुपाची धार जास्त," असं तिनंच ठरवलं.

धाकटा तीन वर्षांचा आहे, त्याची आणि आम्हा दोघांची टीटीजी केली. तिघांचीही बरोबर आली. धाकट्याची पुढंमागं पुन्हा करायला सांगितली आहे.

अकोल्याची_मावशी | ९ सप्टेंबर, सायंकाळी ५:३०

लाल सुतळी आवडली. दोन गोष्टी राहिल्या. एक, आठवडी बाजार. भजी, आलुबोंडा बेसनाचे म्हणून चालतील असं वाटतं, पण त्याच कढईत समोसा आणि कचोरी तळलेली असते. सांबारवडीच्या (कोथिंबिरीच्या वडीच्या) आवरणात मैदा असतो. सावजीच्या किंवा ढाब्याच्या रश्श्याला दाटपणा कशानं आणला ते विचारल्याशिवाय नाही. दोन, गोळ्या-औषधं. प्रत्येक वेळी औषधाच्या दुकानात आणि डॉक्टरांना सांगा की सिलिअ‍ॅक आहे. बहुतेक गोळ्यांत मक्याचा स्टार्च असतो, पण विचारायचं.

चक्कीवाला_वाशीम | १० सप्टेंबर, सकाळी ७:१५

माझ्या बायकोनं हा धागा वाचला. ती म्हनते जुनी घरघंटी घेऊन फक्त जवारी-तांदूळ-डाळीची ठेवू, गव्हाचा दाना तिच्या खोलीत येऊ द्यायचा नाही. आमच्या तालुक्यात असे दोन लेकरं आहेत असं आशाताईनं सांगितलं. घरघंटी जुनी घेतली तर धुता येते का कोनाले माहीत आहे का?

झाडीपट्टी | १० सप्टेंबर, दुपारी २:४०

भाऊ, फार मोलाचं काम होईल. पण जुनी घेऊ नका, त्यात आतापर्यंत गहूच दळलेला असणार आणि आतले कोपरे पाण्यानं धुता येत नाहीत. नवीच घ्या. काही जिल्हा परिषदांच्या महिला व बालकल्याण विभागाच्या योजनांत पिठाची गिरणी असते, वहिनींच्या नावानं अर्ज होतो का ते पंचायत समितीत विचारा. आणि दळणाला येणाऱ्यांना निवडून-धुऊन आणायला सांगा, नाहीतर त्या अकरा दाण्यांनी ती चक्कीही बाटेल.

यवतमाळची_माय | ६ नोव्हेंबर, रात्री १०:००

मारुतीच्या पारावर महाप्रसाद होता. गव्हाचे रोडगे आणि वांग्याची भाजी. मागच्या वर्षी तिला घरी ठेवलं होतं, या वर्षी सासूबाई म्हणाल्या नेऊ. जात्यावर मका दळून तिच्यासाठी दोन पानगे केले, पळसाच्या पानांत बांधून, आमच्या अंगणात वेगळ्या गोवऱ्यांवर भाजले. वांग्याची भाजी मोठ्या कढईत पडायच्या आधी पातेलंभर बाजूला काढून घेतली, कारण वाढणारे रोडगा मोडलेल्या हातानं पुन्हा भाजीत हात घालतात. पंगतीत सगळ्यांबरोबर बसली. शेजारच्या पोरीनं तिचा पानगा मागितला, तिनं अर्धा दिला.

प्रयोगशाळा_वर्धा | ७ नोव्हेंबर, सकाळी ९:००

ताई, पुढची टीटीजी कधी आहे? त्याच प्रयोगशाळेत करा. वेगवेगळ्या ठिकाणच्या पद्धती वेगळ्या, आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

यवतमाळची_माय | १८ जानेवारी, रात्री ८:२०

परवा केली, त्याच प्रयोगशाळेत. ९६ वरून ३१. त्यांची मर्यादा २० ची आहे. डॉक्टर म्हणाले बरोबर रस्त्यावर आहात, सहा महिन्यांनी पुन्हा. हिमोग्लोबिन ११.२. उंची या वर्षात सहा सेंटीमीटर वाढली, मागची दोन वर्षं मिळून तीनसुद्धा नव्हती. फ्रॉक आखूड झाले आहेत, संक्रांतीला नवे शिवले.

चक्कीवाल्या भाऊंच्या घरी नवी घरघंटी आल्याचं त्यांनी कळवलं, वहिनींचं अभिनंदन.

जवारी निवडायला आता तीच बसते. सूप मांडीवर घेऊन, जीभ थोडी बाहेर काढून. काल दोन पायल्यांत चार गहू सापडले. तळहातावर घेऊन विहिरीपर्यंत मला दाखवायला आली.